शिफ्ट सुटल्यावर

बूट दाराबाहेर राहू द्या. मोजे काढा, सतरंजीवर उताणे पडा. गुडघे वर, तळपाय जमिनीला टेकलेले.

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रातून आलेले असा की सिल्लेवाड्याच्या खाणीतून, पाय दिवसभर कोंडलेलेच असतात. सुरक्षा बुटाच्या टोकाशी पोलादाची वाटी असते. ती बोटं वाचवते, म्हणून ती हवीच. पण तिच्या आत बोटांना पसरायला, चाचपायला वाव राहत नाही. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे आहेत. त्यांतले किती आज हलले, हे कोणी आपल्याला विचारत नाही. आपणही विचारत नाही.

आत्ता काही करू नका. कोणती टाच जास्त दाबते? ती मधोमध टेकली आहे की बाहेरच्या कडेवर? उत्तर लगेच येणार नाही. येऊ द्या सावकाश.

आता उजव्या पायाचा अंगठा. टाच आणि करंगळी जागच्या जागी ठेवून फक्त अंगठा उचला, खालून कागद सरकेल इतकाच. ठेवा. श्वास धरून ठेवला होता का? दात आवळले होते? अंगठा उचलायला जबड्याची गरज नसते, तरी तो धावून येतो. पुन्हा उचला, आणखी कमी जोर लावून. जबड्याला कळू नये इतका कमी.

एवढं थोडं कशाला, असं वाटेल. हातात जड ओझं असेल तर त्यात पडलेली थोडीशी भर कळत नाही. ओझं हलकं असेल तर तेवढीच भर लगेच जाणवते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने 19व्या शतकात हे प्रयोगांनी दाखवलं. पुढे मोशे फेल्डेनक्राइस (1904–1984) यांनी ते शरीराच्या हालचालींना लावलं. ते ज्युदो खेळणारे अभियंता होते. फुटबॉल खेळताना त्यांचा गुडघा दुखावला, आणि स्वतःच्या चालण्याचा बारकाईने अभ्यास करता करता त्यांची पद्धत घडली. जोर कमी केला की जाणीव वाढते, हे तिचं मर्म.

केंद्रात काम करणाऱ्याला हे पटवावं लागणार नाही. तिथलं टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं, आणि त्याच्या बेअरिंगचं कंपन मात्र मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत बघतात. तीच बारीक नजर आता स्वतःच्या घोट्यावर आणा. उजवं पाऊल हळूच करंगळीच्या कडेवर कलू द्या, मग अंगठ्याच्या कडेवर. गुडघा आपोआप मागोमाग येतो? आणि खुबा? पाऊल कलताना कंबरेत काही हललं असेल, तर तिथेच थोडं रेंगाळा. मला ही जागा सर्वांत आवडते: तळपायातली हालचाल पाठीपर्यंत पोचते आणि आपण ती पहिल्यांदाच पोचताना बघतो.

करंगळी एकटी हलते का बघा. बहुधा हलणार नाही, शेजारच्या बोटांना घेऊनच येईल. येऊ द्या, हसा. तान्हं बाळ पाय हातात धरून अंगठा तोंडात घालतं, त्यात त्याला काही साधायचं नसतं.

आता पाय थोडा उचला आणि अंगठ्याने हवेत आपलं नाव लिहा. अक्षर वाईट आलं तरी चालेल. काना सरळ उतरतो. वेलांटीला घोटा कुठे अडखळतो? अडखळला की खोडू नका, जोर लावू नका. तेवढीच वेलांटी अर्ध्या आकाराने, निम्म्या वेगाने पुन्हा काढा. दुखलं तर थांबा, आणि पुढचं अक्षर नुसतं मनात लिहा.

मधुमेह असेल तर हे करताना तळवे डोळ्यांनीही बघा. बुटात लागलेलं कळलंच नाही, असं त्या आजारात होतं. सतत बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही पाय लांब करून पडून राहा. उजवा पाय लांब वाटतो का, रुंद वाटतो का? काहीच वाटत नसेल तर तेही ठीक. मग सावकाश कुशीवर वळून उठा, अनवाणी फरशीवर उभे राहा, दोन-चार पावलं टाका.

डाव्या पायाला आज हात लावू नका. दोन पायांतला फरक रात्रभर राहू द्या. उद्या डाव्याचा नंबर. त्याला उजव्यासारखं वळवायला जाऊ नका. तो दुसऱ्याच अक्षरावर अडखळेल.