बोलणाऱ्याच्या नोकरीची हमी

उच्चस्तरीय क्रीडा प्रशिक्षणात मुलांच्या सुरक्षिततेचा विचार बहुधा खेळाडू आणि प्रशिक्षक या दोघांपुरताच केला जातो. परंतु सराव केंद्रात सहायक प्रशिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, सफाई कामगार असे अनेक जण वावरत असतात आणि वावगे काही घडले तर ते पुष्कळदा त्यांच्याच नजरेस आधी पडते. नोकरी जाण्याच्या भीतीविना वरिष्ठांविषयी तक्रार करता येणे आणि ती ऐकली जाणे, याला व्यवस्थापनशास्त्रात ‘कर्मचाऱ्यांचा आवाज’ म्हणतात.

हा आवाज दाबला गेल्यास काय होते, हे अमेरिकेतील दोन प्रकरणांत दिसते. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल विभागातील निवृत्त सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याचे एका मुलावरील अत्याचार २००० मध्ये एका सफाई कामगाराने पाहिले. पण तक्रार केली तर आपल्यालाच कामावरून काढतील, या धास्तीने तो आणि त्याचे सहकारी गप्प राहिले, असे २०१२ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. त्या कामगारांना भित्रे ठरवणे अन्यायाचे होईल, कारण फुटबॉल विभागाचा दरारा साऱ्या विद्यापीठावर होता आणि त्यांचे पोट त्याच विद्यापीठावर चालत होते.

दुसरे प्रकरण अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण तेथे कर्मचारी बोलला. टेक्सासमधील कॅरोली रँच या राष्ट्रीय महिला जिम्नॅस्टिक्स संघाच्या सराव केंद्रात पालकांना राहण्यास मज्जाव होता, आणि मुलींची निवड व सराव यांवरील अधिकार मोजक्या हातांत एकवटला होता. संघाचा डॉक्टर लॅरी नासर ‘उपचारां’च्या नावाखाली काय करतो, याविषयी संघातील जिम्नॅस्ट मॅगी निकोल्स बोलत असताना ते तिच्या प्रशिक्षक सारा जांत्झी यांच्या कानी पडले आणि जून २०१५ मध्ये त्यांनी ते राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघटनेला कळवले. संघटनेने ते एफबीआयपर्यंत पोहोचवण्यास सुमारे पाच आठवडे घेतले आणि तेथेही तपास रेंगाळला. एफबीआयला कळल्यानंतरही, न्यायालयीन कागदपत्रांतील आरोपांनुसार, सप्टेंबर २०१६ पर्यंत सुमारे ७० किंवा त्याहून अधिक खेळाडूंवर अत्याचार झाले, असे न्याय विभागाच्या महानिरीक्षकांचा २०२१ चा अहवाल सांगतो. संघटनेत तक्रार ऐकण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे असते, तेच पदके आणि प्रायोजक यांचे रक्षकही असतात. म्हणून तक्रार घेणारी यंत्रणा संघटनेबाहेर, स्वतंत्र असणे अपरिहार्य ठरते.

भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ बालकांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक करते, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्याला दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षणही देते. मात्र त्याच्या नोकरीविषयी ते कलम काही बोलत नाही. निवासी क्रीडा प्रबोधिनींतील कंत्राटी प्रशिक्षकाचा करार ज्याच्या शेऱ्यावर वाढतो, त्याच्याच विरुद्ध त्याने तोंड उघडावे, ही अपेक्षा कायद्याने ठेवायची असेल, तर तक्रारीनंतर त्या कराराचा निर्णय संबंधित अधिकाऱ्याच्या हाती राहता कामा नये, ही तरतूद शासनाने विनाविलंब करावी.