पाण्याबाहेरचे पाच दिवस

उन्हाळी सुट्टीत पोहण्याच्या वर्गाला मुलींची नावं हौसेने घातली जातात आणि बाराव्या-तेराव्या वर्षी गुपचूप काढून घेतली जातात. कारण विचारलं तर क्लासची वेळ, केस गळतात, ऊन लागतं, रंग काळवंडतो, असं बरंच काही ऐकायला मिळतं. खरं कारण महिन्यातून एकदा येतं आणि त्याचं नाव तलावाच्या खिडकीवर कोणी काढत नाही. पास महिन्याचा असतो, बुडालेल्या दिवसांचे पैसे परत नसतात. पाळीचे पाच दिवस धरले तर वर्षाचे साठ होतात, म्हणजे सलग दोन महिने. शेजारच्या लेनमधला मुलगा तेवढे दिवस जास्त पोहतो. मग जिल्हा पातळीवर मुलींची संख्या का घटते, यावर आपण परिसंवाद भरवतो.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ४ बाय १०० मीटर मेडली रिलेत चीनचा संघ चौथा आला. शर्यतीनंतर त्या संघातली फू युआनहुई पोट धरून खाली बसलेली दिसली. टीव्हीच्या वार्ताहराने विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं, की आदल्या रात्री पाळी आली, त्यामुळे थकवा आहे, पण ही काही सबब नव्हे. त्यावर चीनमध्ये अनेकांना पडलेला प्रश्न असा होता, की पाळी चालू असताना ही पाण्यात उतरलीच कशी? तिथेही आपल्यासारखाच पॅडचा कारभार, टॅम्पॉन, म्हणजे योनीत बसवायची कापसाची गुंडाळी, वापरणाऱ्या बायका मूठभर. जगातल्या सर्वांत वेगवान जलतरणपटूंपैकी एक असलेल्या मुलीला घराघरातला हा धडा कॅमेऱ्यासमोर द्यावा लागला.

हा प्रश्न आपल्याकडेही पडतो, म्हणून आधी साधा हिशोब. एका पाळीत सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे साधारण अर्धा कटिंग चहा, तोही चार-पाच दिवसांत मिळून. पाण्यात उतरल्यावर बाहेरून दाब पडतो, त्यामुळे स्राव मंदावतो. 'पाण्यात पाळी थांबते' हे मात्र अर्धसत्य. खोकला आला, हसू फुटलं, की थोडं बाहेर येऊ शकतं, आणि काठावर चढल्यावर तर नेहमीसारखंच सुरू होतं. पॅड इथे कुचकामी. त्यातला पदार्थ द्रव शोषून फुगण्यासाठीच बनवलेला असतो, आणि तलावातलं पाणी की रक्त हे त्याला कळत नाही. उडी मारल्यावर मिनिटाभरात त्याचा ओला बोळा होतो, चिकटपट्टी सुटते, आणि मग रक्त राहिलं बाजूला, तो बोळा सांभाळण्यातच मुलीचा जीव जातो.

राहिला पाणी खराब होण्याचा मुद्दा. तलावात क्लोरीन घालतात ते याचसाठी. घाम, थुंकी, मूत्र, न धुतलेले पाय, सगळं त्यात रोज जातं. शॉवर न घेता उतरणाऱ्या काकांना कोणी हटकत नाही. थेंबभर रक्ताने संसर्ग होईल ही भीती मात्र सगळ्यांना असते.

उपाय नवे नाहीत. आजचा टॅम्पॉन आणि आत बसवून रक्त गोळा करणारा पाळीचा कप, दोन्ही १९३० च्या दशकातले. डेन्व्हरच्या अर्ल हास या डॉक्टरने टॅम्पॉनचं पेटंट घेतलं आणि १९३७ मध्ये लिओना चाल्मर्स या अमेरिकन बाईने कपाचं. आपल्याकडे त्याआधीच, १९२७ पासून, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवत होते आणि वाचकांच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. म्हणजे वस्तू होती, बोलायची भाषाही होती. तरी आजही मेडिकलवाला पॅडचा पुडा वर्तमानपत्रात गुंडाळतो.

आणि तोच मेडिकलवाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र न विचारता देतो. गौरी बसायच्या आहेत, सत्यनारायण आहे, नणंदेचं लग्न आहे, देवीला जायचंय. 'गोळ्या घे ना गं, दोन दिवसांचा तर प्रश्न,' हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं घर मराठी मुलखात दाखवा. नॉरेथिस्टेरॉनची ही गोळी तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करायची, बहुधा दिवसातून तीनदा. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. डॉक्टरांनी तपासून दिली तर ठीकच, पण ती संप्रेरकाची गोळी आहे. रक्ताच्या गाठींचा इतिहास असलेल्या बाईला ती धोक्याची ठरू शकते. हे सगळं आपण खपवून घेतो, कारण काम देवाचं आहे. आणि गोळी गिळायची असते, स्वतःच्या शरीराला हात लावावा लागत नाही.

माझ्या मते घोडं इथेच अडतं. कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध त्याच समाजातली तरुण मुलं-मुली उभी राहिली, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानून दंडनीय करण्याची घोषणा केली. त्या बातम्या वाचून आपण पांढरपेशे हळहळलो. त्याच आपल्या घरात पंधरा वर्षांच्या मुलीने कप मागितला, की आई म्हणते, 'अगं, लग्न झाल्यावर बघू.' यात चाचणी नाही, जातपंचायत नाही, भीती मात्र तीच, कौमार्य जाण्याची. योनिपटलाला मुळातच वाट असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर येणार कुठून? ते ताणलं जातं, काही मुलींत नावापुरतंच असतं, आणि त्याच्याकडे बघून कोणीही काहीही सांगू शकत नाही.

कप वापरणं म्हणजे काय, तेही सांगून टाकते. हात धुवायचे. उकळून घेतलेला सिलिकॉनचा कप चिमटीत दाबून दुमडायचा, उकिडवं बसायचं आणि सरळ वर न ढकलता माकडहाडाच्या दिशेने आत सरकवायचा. आत गेला की तो उघडतो. तळाशी बोट फिरवून पाहिलं की घडी उरली का ते कळतं. काढताना देठ खेचायचा नाही, आधी तळ दाबून हवा सोडायची. पहिल्या वेळी घाम फुटतो, दोन-तीन पाळ्या सवयीला जातात. म्हणून स्पर्धेच्या दिवशी हा प्रयोग नको, घरच्या न्हाणीघरात रविवारी करावा. आठ ते बारा तास तो राहतो, जास्त स्राव असेल तर लवकर रिकामा करायचा. टॅम्पॉन आठ तासांवर ठेवू नये आणि पोहून झाल्यावर बदलावा, कारण त्याचा दोरा तलावाचं पाणी पितो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉकने काही बायका दगावल्या. आता ते दुर्मीळ आहे, तरी वापरताना अचानक ताप, उलट्या, अंगावर पुरळ आलं तर काढून थेट दवाखाना गाठायचा. तांबी बसवलेल्या बाईने कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पाळीसाठी शिवलेले कॉस्च्यूमही मिळतात, पण ते शेवटच्या हलक्या दिवसांचे.

आणि कळा येत असतील, नकोसं वाटत असेल, तर त्या दिवशी पोहू नये. कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं. फक्त तो निर्णय तिचा असावा, आईचा किंवा तलावाच्या व्यवस्थापकाचा नव्हे.

व्यवस्थापकाकडे दुसरं काम आहेच. महिलांच्या चेंजिंग रूममध्ये कडी लागणारा संडास, आत नळ, झाकणाचा डबा आणि पिशवी अडकवायला खुंटी एवढं मिळालं तरी निम्मा प्रश्न मिटतो. प्रवेश घेताना पालकांच्या हाती एक यादी देतात: कॉस्च्यूम, टोपी, गॉगल, टॉवेल, डॉक्टरांचा दाखला. मुलींच्या यादीत खाली आणखी एक ओळ घालता येईल, आणि शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवशी ती मोठ्याने वाचून दाखवावी. झेरॉक्सचा खर्च तेवढाच येतो.