घर कुठे घ्यावे?

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या धर्मग्रामात घरबदलीची चर्चा सुरू होते. कोणी वाडीतले जुने घर सोडून स्टेशनजवळ फ्लॅट घेतो, कोणी मीरा रोडला किंवा बोरिवलीला जातो, तर कोणी मुंबईचे भाडे परवडत नाही म्हणून आपल्याकडे राहायला येतो. रविवारची मिस्सा संपल्यावर आवारात चार माणसे उभी राहिली, की प्रश्न ठरलेले असतात. शाळा कशी आहे? स्टेशन किती लांब? भाव काय चालला आहे?

हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. ज्याच्या डोक्यावर वडिलोपार्जित कौले आहेत, त्याने भाड्याच्या घरात राहणाऱ्याला 'पैशाचा विचार करू नका' असा उपदेश करणे सोपे असते. तसा उपदेश आम्हाला करायचा नाही. मात्र या तीन प्रश्नांची उत्तरे काढताना आपण कोणाकोणाचा हिशेब धरतो आणि कोणाचा सोडून देतो, हे पाहिले पाहिजे. राहण्याची जागा एकजण ठरवतो आणि तिचे परिणाम पुष्कळजण भोगतात.

प्रथम पैशाची बाजू. तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता २६ हजारांच्या थोडा वर जातो आणि वीस वर्षांत बँकेला ६२ लाखांहून अधिक रक्कम परत करावी लागते. स्टेशनला जवळचे, पण पंधरा लाखांनी महाग घर कर्जावर घेतले, तर हप्ता आणखी तेरा हजारांनी वाढतो. म्हणून माणूस स्वस्त घराकडे वळतो आणि त्यात गैर काही नाही. पण घर इतके स्वस्त का मिळते आहे, हे विचारायला हवे. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी व सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील घरे विकली गेली, संसार थाटले गेले, आणि २०२४-२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या सगळ्या इमारती पाडण्यात आल्या. तिथे राहणारे लोभी होते असे कोणी म्हणू नये. बहुतेकजण हातघाईवर आलेले होते, आणि हातघाईवर आलेल्या माणसाला कागद तपासायला उसंत नसते. अशा वेळी आपल्यातल्या वकिलाने, बँकेत काम करणाऱ्याने किंवा नगररचनेची माहिती असणाऱ्याने एक संध्याकाळ शेजाऱ्याचे कागद वाचण्यासाठी दिली, तर ते मोठे दान ठरेल. प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आहे का, जमीन बिनशेती झाली आहे का, बांधकामाची परवानगी खरी आहे का, एवढे पाहायला फार विद्वत्ता लागत नाही.

आता प्रवास. विजेची गाडी १९३६ साली विरारपर्यंत आली आणि आपल्या वसईचे मुंबईशी नाते पक्के झाले. भाजी, फुले, दूध घेऊन जाणारी आपली माणसे आणि पुढे कचेरीत जाणारी त्यांची मुले याच गाडीने गेली. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि स्वस्त घर आणखी उत्तरेला सरकले. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटर आहे, आणि फास्ट गाडी मिळाली तरी सव्वा तास गर्दीत उभे राहावे लागते.

घर घेताना हा सव्वा तास आपल्याला फारसा दिसत नाही. आपण रविवारी दुपारी घर पाहायला जातो. गाडी रिकामी असते, रिक्षा लगेच मिळते. दोन स्वित्झर्लंडवासी अर्थशास्त्रज्ञांनी, ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुत्सर यांनी, जर्मनीतील माहितीच्या आधारे २००८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लांबचा प्रवास करणाऱ्याला स्वस्त घर किंवा जास्त पगार मिळून त्याची भरपाई होत असेल, असे आपण धरून चालतो. त्यांना तसे आढळले नाही. जितका प्रवास लांब, तितके माणसाचे स्वतःच्या जीवनाविषयीचे समाधान कमी, असे त्यांना दिसले. मोठी खोली नजरेला दिसते, तिच्यासाठी द्यावे लागणारे तास मात्र वर्षभर थोडेथोडे कापले जातात.

साधा हिशेब करून पाहू. जवळच्या घराच्या तुलनेत रोज दोन तास जास्त जात असतील आणि वर्षाला २८० दिवस कामाचे धरले, तर ५६० तास होतात. झोपेचे आठ तास वगळून दिवस सोळा तासांचा मानला, तर वर्षातले जागेपणीचे पस्तीस दिवस झाले. वीस वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत असे सातशे दिवस जातात. 'मुलांसाठी घर घेतले' असे सांगणारा बाप मुलांना उठण्यापूर्वी निघतो आणि ती झोपल्यावर परततो. रविवारी तो थकलेला असतो.

आणि हे सातशे दिवस कोणाचे? बहुतेक घरांत जागेचा निर्णय पुरुष घेतो, किंवा त्याचा व त्याच्या वडिलांचा मिळून होतो. नोकरी करणारी सून मात्र पहाटे चारला उठून डबे भरते, गाडी पकडते आणि रात्री परत आल्यावर पुन्हा चुलीपाशी उभी राहते. तिला किती तास पडतील, हे तिला विचारले गेलेले नसते. सासूबाई कौतुकाने म्हणतात, 'आमची सून फार सोशिक.' सोशिकपणा हा सद्गुण खराच, पण दुसऱ्याच्या सोशिकपणावर स्वतःचा बेत उभा करणे हे न्यायाचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. घर निवडताना जो सर्वांत जास्त प्रवास करणार त्याचे, किंवा तिचे, मत सर्वांत जड धरावे.

शाळेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. शाळेसाठी घर बदलणारे आईबाप स्वतःच्या सुखासाठी काही करत नसतात. सरकारी नियमांतही घर आणि शाळा यांची सांगड आहेच. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेची कल्पना मांडली होती. एका वस्तीतील श्रीमंत-गरीब सगळ्यांची मुले एकाच शाळेत जावीत, म्हणजे शाळा सुधारावी अशी सर्वांनाच गरज वाटेल, असा तिचा आशय होता. ती कल्पना प्रत्यक्षात आली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतरात शाळा असावी असे ठरवले. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी खासगी शाळांत ज्या २५ टक्के जागा ठेवल्या जातात, त्यांच्या प्रवेशातही घरापासूनचे अंतर मोजले जाते. म्हणजे गरीब घराच्या बाबतीत पत्ता हीच अर्धी शाळा.

परिसराचा मुलावर किती परिणाम होतो याविषयी अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. १९९४ पासून तिथल्या पाच शहरांतील सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांची नावे सोडत पद्धतीने निवडून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी मदत देण्यात आली. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या मुलांची मोठेपणीची मिळकत तपासली. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांचे घर बदलले, त्यांची मिळकत पंचविशीच्या सुमारास जवळजवळ ३१ टक्क्यांनी जास्त होती. मोठ्या वयात हलवलेल्या मुलांना असा लाभ झाला नाही, उलट थोडे नुकसानच दिसले.

हा आकडा वाचून कोणी लगेच वाडी विकायला निघू नये. ती कुटुंबे अत्यंत गरीब, हिंसाचाराने त्रस्त अशा सरकारी चाळींतून बाहेर पडली होती. आपल्या वाड्या म्हणजे ती वस्ती नव्हे. तरीही दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, मूल लहान असताना केलेला बदल आणि ते नववीत असताना केलेला बदल सारखा नसतो. नववी-दहावीच्या मुलाला मित्रांपासून तोडून 'चांगल्या शाळेत' घालताना दहा वेळा विचार करावा. दुसरे, मुलाला घडवणारी गोष्ट म्हणजे शाळेच्या पाटीवरचे नाव एवढीच नव्हे. संध्याकाळी खाली खेळायला कोण असते, शेजारची मोठी मुले काय करतात, आजारपणात दार कोणाचे वाजवता येते, हेही त्यात आले. माहितीपत्रकात यातले काहीच छापलेले नसते.

इथे आपण 'चांगली वस्ती' या शब्दापाशी येतो. या शब्दाने आम्ही खरोखर अस्वस्थ होतो. चांगली म्हणजे स्वच्छ, पाण्याची, सुरक्षित, एवढाच अर्थ असता तर प्रश्न नव्हता. पण बोलता बोलता दुसरा अर्थ बाहेर येतो. 'तिथे सगळी आपलीच माणसे आहेत.' किंवा, 'तिथे आता बाहेरचे फार झाले.'

टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे २००५ साली नोबेल पुरस्कार मिळाला, १९७१ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडा. प्रत्येक नाण्याची अपेक्षा फार नाही, शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत एवढीच. ती पुरी होत नसेल, तर नाणे उचलून दुसऱ्या रिकाम्या चौकटीत ठेवा. असे करत गेले, की थोड्याच वेळात पटाचे दोन वेगळे भाग पडतात. कोणाच्याही मनात द्वेष नसताना वस्त्या वेगळ्या होतात. 'आम्ही कोणाला नको म्हटले नाही' एवढे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही, ते यामुळे.

आपल्यापैकी अनेकांना उलटा अनुभवही आहे. मुंबईत घर पाहायला गेल्यावर दलाल आडनाव ऐकतो आणि हळूच सांगतो, 'या बिल्डिंगमध्ये नॉनव्हेज चालत नाही.' बोंबील तळणाऱ्या घराला तो अपमान चांगला कळतो. एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम ग्राह्य धरला. कायद्याने चालते म्हणून ते योग्यच, असे मात्र होत नाही.

अल्पसंख्य समाजाची बाजू आम्ही विसरत नाही. मयत झाली की खांदा द्यायला माणसे लागतात, सणाला देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर असावेसे वाटते, म्हाताऱ्या आईला तिच्या बोलीत बोलणारे कोणी हवे असते. आपल्या लोकांजवळ राहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. दुसऱ्याने जवळ राहू नये असे वाटणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यासाठी निमित्त शोधावे लागत नाही. दुसऱ्यासाठी आपण नेहमी पाणी, पार्किंग, गोंगाट अशी निमित्ते शोधतो. स्वतःला तपासायला ही खूण पुरेशी आहे.

उत्पत्तीच्या ग्रंथात घरबदलीची एक गोष्ट आहे. गुराख्यांची भांडणे वाढल्यावर अब्राहामाने पुतण्याला, लोटाला, जमीन आधी निवडू दिली. लोटाने यार्देनेचे भरपूर पाण्याचे खोरे निवडले आणि सदोमाच्या दिशेने तंबू ठोकत गेला. लोट वाईट माणूस होता असे तिथे म्हटलेले नाही. त्याने आपल्यासारखाच पाणी आणि चारा यांचा विचार केला. शेजाराचा विचार त्याने केला नाही आणि काका कुठे राहणार याचाही नाही. आपल्या घरबदलीत हा काका म्हणजे वाडीत मागे राहणारे आईवडील. मुलगा बोरिवलीला गेला, मुलगी परदेशी गेली, विहिरीचा पंप बिघडला की म्हातारबाबा शेजाऱ्याच्या मुलाला हाक मारतात. तो शेजारीही पुढच्या वर्षी जाणार असतो.

म्हणून कोणी जाऊच नये, असे नाही. जाण्यापूर्वी आईवडिलांशी एकदा मोकळेपणाने बोलावे: डॉक्टरकडे कोण नेणार, कोणत्या वारी कोण येणार, घराचा एखादा भाग भाड्याने द्यायचा का. तुकडा विकून पैसे दिले असतील, तर त्या पैशाबरोबर कोणती जबाबदारी आली, हेही त्यांच्यासमोरच ठरवावे.

नवे घर पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. कामाच्या दिवशी सकाळी तिथून गाडी पकडून पाहावी, संध्याकाळी परत येऊन पाहावे, तेही पत्नीला सोबत घेऊन. जुलैमधल्या मोठ्या पावसानंतर एक फेरी मारावी. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या, वसईतील अनेक वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या, तेव्हा कुठल्या इमारतीच्या जिन्यापर्यंत पाणी आले होते, हे तिथला दुकानदार सांगेल. टँकर आठवड्यातून किती वेळा येतो, तेही त्यालाच विचारावे. आणि शेजारच्या दारावरची पाटी वाचून परत न फिरता, दार वाजवून त्या माणसांशी दोन शब्द बोलावे. जूनमध्ये आपल्याकडेही काही नवी कुटुंबे भाड्याने येतील. त्यांतील काहीजण मिस्साला येतील, काहीजण येणार नाहीत, कारण ते आपल्या धर्माचे नसतील. शाळेचा रस्ता, पाण्याची वेळ आणि भरवशाचा रिक्षावाला या तीन गोष्टी त्या सगळ्यांनाच पहिल्या आठवड्यात लागणार आहेत.