वासुकीचं तोंड कुणी धरायचं?

आजचे वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ८, अध्याय ७



समुद्रमंथनाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण सुरुवातीचा एक प्रसंग घाईघाईत निसटतो. वासुकी नागाची दोरी करायची ठरली. भगवंतांनी आणि देवांनी आधी त्याचं तोंड धरलं. झालं, दैत्य रुसले. आम्ही शिकलेसवरलेले, मोठ्या कुळातले, शेपटीसारखं अशुभ अंग आम्ही का धरू? भगवंत नुसते हसले, तोंड सोडलं आणि देवांना घेऊन शेपटीकडे गेले. पुढे वासुकीच्या तोंडातून आग आणि धूर निघाला, तेव्हा सगळ्यात जास्त कोण होरपळलं हे सांगायला नको.

हे वाचताना मागच्या डिसेंबरातलं कंबोडिया आठवलं. आईला घेऊन सिएम रीपला गेलो होतो. अंगकोर म्हणजे आपलाच ‘नगर’ शब्द, ख्मेर जिभेवर बदललेला. राजा सूर्यवर्मन दुसरा याने १२ व्या शतकात बांधलेलं अंगकोर वाट मूळचं विष्णूचं. पुढे ते बौद्धांचं झालं आणि आजही तिथे भिक्षू येतात. पहाटे सगळी गर्दी तळ्याकाठी सूर्योदयाचे फोटो काढत होती. (मीही काढले, खोटं कशाला बोलू.) आई मात्र म्हणाली, आत चल.

पूर्वेकडच्या ओवरीत जवळजवळ ४९ मीटर लांबीच्या भिंतीवर हेच मंथन कोरलंय. मधोमध विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरा. आणि भागवतात आहे तसंच, तोंडाकडे असुर, शेपटीकडे देव. कारागिरांनी मुकुट आणि डोळे वेगळे काढलेत, पण ओढताना वाकलेली अंगं दोन्हीकडे सारखीच. अंगकोर थोमच्या दक्षिण दरवाजावरही ५४ देव आणि ५४ असुर नाग धरून बसलेत. ते नगर उभारणारा जयवर्मन सातवा तर स्वतः बौद्ध. तरी ही गोष्ट त्याला सोडवली नाही.

आई भिंतीपाशी बराच वेळ थांबली. मग विचारलं, “तू कुठल्या बाजूला रे?”

आदल्या रात्री हॉटेलवरून माझं दादाशी फोनवर भांडण झालं होतं. गावच्या घराची दुरुस्ती. पैसे मी पाठवतो, म्हणजे आधी मला विचारायला हवं, असं माझं म्हणणं. तिथे उन्हापावसात उभा राहून गवंड्याच्या मागे लागतो तो दादा. आईने सगळं ऐकलं होतं, बोलली नव्हती.

मी म्हटलं, “तोंडाकडच्या.”

“मग धूर लागणारच,” असं म्हणून ती पुढे चालू लागली.

बाहेर पडताना पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची विष्णूची मोठी मूर्ती आहे. तिथले लोक तिला आपला रक्षणकर्ता पूर्वज मानून पूजतात. एक म्हातारी बाई उदबत्ती लावत होती. तिने एक आईच्या हातात दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी बाजूला होऊन दादाला फोन लावला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला : कौलं उतरवतोय, नंतर बोलू.