उजळ

माझं दुकान साक्रीत, सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेला. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, बायोडाटा, फ्लेक्सची डिझाइनं. छापून आलेल्या फोटोवर गिऱ्हाइकानं बोट ठेवलं, की माझं उत्तर तयार असे : "स्क्रीनवर बरोबर होतं, प्रिंटरच असा मारतो."

खोटं होतं ते. आणि मला ठाऊक होतं.

स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागद खोलीतला उजेड तेवढा परत देतो. दोघांचं आपोआप जुळत नाही, हे धंद्यात पहिल्याच वर्षी कळतं. माझा मॉनिटर खोक्यातून निघाला तसाच चालू होता. ब्राइटनेस शंभर, पांढरा निळसर. त्या झगमगाटात अंधारा फोटोही छान दिसायचा आणि कागदावर काळवंडायचा. मग मी अंदाजानं उजळवायचो. निळसरपणा मारायला पिवळा वाढवायचो, तर छापलेल्या नवरीला हळद दोनदा लागल्यासारखी दिसे.

पण पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असला, की मी धुळ्याला छपाईवाल्याकडे जाऊन बसायचो. आधी हातभर तुकडा छापून उन्हात धरून बघायचो. झेंड्याचा रंग हलला तर पैसे बुडणार! म्हणजे रंग जुळवणं मला जमत होतं. कोणासाठी जुळवायचा, एवढंच मी निवडत होतो.

पिंपळनेरकडच्या एक बाई मुलीचा बायोडाट्यासाठी फोटो काढायला आल्या होत्या. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस. उजळ करा, असं कोणी म्हणालं नव्हतं. मीच केलं, सवयीनं. प्रिंट हातात घेऊन बाई म्हणाल्या, "हाई मनी पोर नही." मी हसलो. प्रिंटरचं नेहमीचं कारण सांगितलं. पैसेही घेतले. मुलगी काही बोलली नाही.

कोडॅक कंपनी पूर्वी फोटो लॅबना एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो द्यायची. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या बाईची कातडी नीट आली, की मशीन नीट. हे वाचून मला कंपनीचा राग आला होता. माझ्या डोक्यातलं कार्ड मात्र मी तपासलं नाही.

गेल्या वर्षी एका मित्राकडून स्क्रीनला लावायचं कॅलिब्रेटर आणलं. पांढरा ६५०० केल्विनवर, गॅमा २.२, ब्राइटनेस निम्म्याहून खाली. स्क्रीन एकदम मळकट, पिवळट वाटली. खरं तर बरोबर होती, माझेच डोळे निळ्याला सरावलेले. प्रिंटरची आणि कागदाची प्रोफाइल लावून फोटो छापला, तो पहिल्यांदाच स्क्रीनच्या जवळ गेला. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी ब्राइटनेस पुन्हा शंभरवर! काउंटरवर गिऱ्हाइकाला चकाकणारी स्क्रीन आवडते, अशी स्वतःची समजूत घातली. चार महिने तसंच चाललं. स्क्रीन खरी झाली, तर चूक प्रिंटरवर ढकलता येणार नव्हती.

आता मापं परत लावली आहेत. दुपारी दारातून थेट ऊन येतं, त्याला पडदा लावलाय. त्या मुलीची मूळ फाइल सापडली. काहीही न उजळवता पुन्हा छापली. कागदावर ती जशी होती तशीच आली.

ते पाकीट ड्रॉवरमध्ये आहे. पिंपळनेरची एसटी रोज इथून सुटते. मी अजून गेलेलो नाही.