आईबापांची इयत्ता

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे बंगळुरूत आता फारशी नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांतली काही ख्रिस्ती आहेत. मुलांचे शिक्षण ही देवाने आईबापांवर सोपवलेली जबाबदारी आहे, ती फी भरून दुसऱ्यावर ढकलता येत नाही, अशी त्यांची श्रद्धा असते. आधार असतो बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा. घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांना वचने शिकवावीत, अशी तिथली आज्ञा आहे. त्याच्या एक ओळ आधीची अट मात्र अनेकदा नजरेतून सुटते : ती वचने आधी शिकवणाऱ्याच्या अंतःकरणात असली पाहिजेत. म्हणजे पहिला विद्यार्थी बापच, किंवा आई.

‘मुलांबरोबर आम्हीही शिकतो’ हे या घरांतले आवडते वाक्य. ते मला खोटे वाटत नाही. पण आईबाप नेमके काय शिकतात, आणि चुकले तर त्यांना कोण सांगते, हे विचारल्याशिवाय ते खरेही मानता येत नाही.

मराठी माणसाला या प्रश्नासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. पंडिता रमाबाईंचे सगळे बालशिक्षण घरचेच. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे शास्त्राधार देऊन स्वतःचा बचाव करावा लागला. 1858 साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात रमाबाईंचा जन्म झाला. शास्त्रीबुवा तोवर थकले होते, तेव्हा शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले. घरकामाला लागण्याआधी, पहाटेच्या अंधारात त्या लेकीला उठवून पाठ देत. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हे चालले. लग्न होऊन आल्यावर नवऱ्याजवळ शिकलेली बाई मुलीची गुरू झाली. आईने शिकून शिकवणे म्हणतात ते हेच.

पण या गोष्टीची दुसरी बाजू रमाबाईंनी स्वतःच आपल्या साक्षीत नोंदवली आहे. आईवडिलांना मुलांचा बाहेरच्या जगाशी संबंध नको होता. संस्कृतखेरीज दुसरी भाषा शिकण्याचा प्रश्नच नव्हता. दुष्काळ आला, आईवडील गेले, तेव्हा पुराणे सांगत पायी फिरण्यावाचून या मुलांना पोटाचे दुसरे साधन माहीत नव्हते. घरचे शिक्षण अस्सल होते, खोल होते, आणि बंद होते. 1878 मध्ये कोलकात्याला ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती दिली, तेव्हा बायकांना वेदाचा अधिकार नाही असेच रमाबाईंना वाटत होते. ज्या बापाने बायकोला शिकवण्यासाठी सभेशी वाद घातला, त्याच्याही घरात एक दार लावलेलेच राहिले होते.

म्हणून रमाबाईंचे पुढचे वागणे मला अधिक मोलाचे वाटते. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे खटके उडाले ते बऱ्याच अंशी मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून. मुलीला काय शिकवायचे ते आई ठरवील, आणि आईला जे अजून पटलेले नाही ते मुलीला पाठ करायला लावायचे नाही! नवी श्रद्धा स्वीकारलेल्या परदेशी विधवेने हा हट्ट धरावा, याला धैर्य लागते. पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये, पन्नाशीच्या आसपास, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबल सोप्या मराठीत आणायचे तर मूळ वाचता आले पाहिजे म्हणून. छपाईचे काम मुक्तीतल्या मुली करत. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत हे काम चालू होते. मुलींना शिकवणारी बाई त्यांच्या डोळ्यांदेखत व्याकरणाशी झटत होती.

याच्या शेजारी आजचा तयार अभ्यासक्रम ठेवून पाहावा. 1970 साली टेक्ससमध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’मध्ये एका विषयाच्या एका वर्षाच्या बारा पुस्तिका असतात. मूल रिकाम्या जागा भरते आणि उत्तरसूचीशी ताडून पाहते. वेळेची शिस्त लागते, हे खरे. पण आईने शिकावे अशी इथे गरजच उरत नाही. ती देखरेख करते. यापेक्षा इंग्रज शिक्षिका शार्लट मेसन हिची वाट मला प्रामाणिक वाटते. ‘होम एज्युकेशन’ हे तिचे पुस्तक 1886चे. (तिला स्वतःचे मूल नव्हते, पण आईबापांना शिकवण्याचा तिचा उत्साह दांडगा होता.) उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा, ही तिची पद्धत. आईनेही तो पहिल्यांदाच वाचला असेल तर मुलाच्या सांगण्यात तिला न दिसलेले काही सापडू शकते.

कायद्याची स्थिती अर्धवट आहे. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याचे दहावे कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवते; ते न केल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगत नाही. त्या फटीत ही घरे उभी आहेत, आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी त्यांना सामावून घेते.

मला अधिक सतावते ती कन्नड. कर्नाटकाने 2015च्या कायद्याने शाळांना पहिलीपासून, टप्प्याटप्प्याने, कन्नड शिकवणे बंधनकारक केले. घरी शिकणाऱ्या मुलाच्या मागे तो तगादा नाही, आणि मुक्त विद्यालयाच्या दहावीला इंग्रजी ही एक भाषा घेऊनही भागते. पुण्याहून किंवा कोचीहून आलेल्या कुटुंबातले मूल बंगळुरूत वाढून कन्नड न वाचताच मोठे होऊ शकते. लॅटिनसारखी दूरची भाषा शिकायला घेणाऱ्या घराने इथली भाषा सोडून द्यावी, हे मला पटत नाही. शेजाऱ्यावर प्रेम करायची आज्ञा पाळायची तर शेजारी बोलतो ते आधी कळायला हवे. आणि इथे आईबाप खरोखरच पहिलीत असतात. उत्तरसूची त्यांच्याकडे नसते. ती भाजीवालीकडे, रिक्षावाल्याकडे, खालच्या मजल्यावरच्या आजींकडे असते. मूल महिन्याभरात पुढे निघून जाईल आणि बापाचे उच्चार सुधारू लागेल. मुलांबरोबर शिकतो म्हणणाऱ्या कुटुंबाला मी पहिला प्रश्न विचारीन तो एवढाच : कन्नड कुठवर आली, तुमची?