आभासातील पेला

पहिल्या शुक्रवारी घरोघरच्या आजाऱ्यांना कम्युनियन देण्यास आम्ही जातो. अर्धांगवायूने डावा हात लुळा पडलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी एकदा आम्हांस विचारले, "फादर, आखातातून मुलाने पाठवलेला तो चष्मा डोळ्यांवर चढवला की माझा हा हात पेला उचलताना दिसतो. असे खोटे पाहून बरे होणे पाप तर नाही ना?" ते हसत होते, प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

संत आगस्तीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि दुसऱ्याच्या हितासाठी बोललेले असत्यही त्याज्य ठरवले. तथापि असत्याचे मूळ फसवण्याच्या हेतूत असते, हेही त्यांनीच दाखवून दिले. येथे रुग्णाला सर्व काही आधीच ठाऊक असते. मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा जगत नाहीत. त्यांचे काम आसपासचा भाग पुनःपुन्हा केलेल्या हालचालींतून शिकतो. हा अभ्यास कंटाळवाणा असतो. आभासी जगातील पेला तो सुसह्य करीत असेल, तर त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. डॉ. रामचंद्रन यांनी हात तुटलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी वापरलेला साधा आरसाही याच जातीचा. 1999 साली तो अर्धांगवायूवर वापरून पाहण्यात आला.

आमची अडचण वेगळीच आहे. 2016 साली चार देशांतील 141 रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांखेरीज दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रे योजली होती. काहींना पडद्यावरचे आभासी खेळ दिले, तर काहींना पत्त्यांसारखे साधे खेळ. दोन्ही गटांचे हात सुधारले. यंत्राचे पारडे जड ठरले नाही. पुढच्याच वर्षी 72 चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. हाताच्या सुधारणेत आभासी उपचार रूढ व्यायामाहून सरस नाही, मात्र त्याच्या जोडीला दिला व त्यायोगे व्यायामाचा वेळ वाढला तर उपयोगी पडतो, असे त्यात दिसले.

म्हणजे पत्त्यांचा जोडही पुरतो. पण पत्ते खेळण्यास समोर कोणीतरी बसावे लागते. बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाने प्रभूपाशी आपल्या दुखण्याचे गाऱ्हाणे केले नाही. पाण्यात उतरवायला आपले कोणी नाही, एवढेच तो म्हणाला.

त्या मुलाला दोष देण्यास आमची जीभ धजावत नाही. औषधांचा खर्च त्याच्याच मिळकतीतून चालतो. गावात राहणाऱ्यांचे काय? आम्हीसुद्धा प्रार्थना आटोपताच घड्याळाकडे पाहणारे.

गुरुजींना आम्ही एवढेच सांगितले, की चष्मा खुशाल वापरा, त्यात पाप नाही. त्यांनी मान डोलावली आणि उशाखालून पत्त्यांचा जोड काढला. डाव्या हाताने पिसू लागले, तसे निम्मे पत्ते जमिनीवर सांडले. अजून चार घरे व्हायची होती. आम्ही वाकून पत्ते गोळा केले आणि डाव वाटला.